पिशवी

होसकोटे हे बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावरचे गाव. सतराव्या शतकात विजापूरच्या दरबाराने शहाजीराजांना जी जहागीर दिली, तिच्यात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोटेही होते. त्या काळात आणि त्यानंतरही निरनिराळ्या निमित्तांनी दक्षिणेत उतरलेली मराठी घरे या टापूत विखुरलेली आहेत. कुणाची थोडी शेती, कुणाचे शिवणकाम, कुणाची अलीकडच्या कारखान्यांतली नोकरी. घरात बोलली जाते ती मराठीच; पण तिचा हेल कानडी झालेला आहे आणि बाजारहाटाच्या वस्तूंची नावेही कानडीच येतात. बायकांच्या आपसातल्या बोलण्यात मात्र काही शब्द आजीकडून नातीकडे जसेच्या तसे उतरले आहेत. कावळा शिवणे, बाहेरची होणे, दूर बसणे हे त्यांतले. त्यांच्या जोडीला अलीकडच्या काही दशकांत आणखी एक शब्द येऊन बसला, तो म्हणजे पिशवी. ‘तिची पिशवी काढली’ एवढे म्हटले की ऐकणारीला पुढचे विचारावे लागत नाही.

अशाच एका घरातल्या थोरल्या सूनबाई. लहानथोर सगळे त्यांना आक्का म्हणत. घरचा धंदा शिवणाचा. पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून दोन यंत्रे मांडलेली. एकावर त्यांचे यजमान आणि दुसऱ्यावर आक्का. पोलके, परकर, शाळेच्या मुलांचे गणवेश आणि उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या असे त्यांचे काम. स्वयंपाकघराच्या दाराआड ‘कालनिर्णय’ टांगलेले असे. पुण्याच्या नात्यातले कोणीतरी ते दरवर्षी न चुकता पाठवी. त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख, आणि महिन्यातून एकदा पेन्सिलीची एक बारीक फुली. त्या फुलीचा अर्थ घरात कोणी कोणाला सांगितला नव्हता, तरी तो सर्वांना ठाऊक होता. फुली पडली की चार दिवस देवघराकडे जायचे नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही.

२००५ नंतर या फुल्या दाटू लागल्या. आधी बावीस दिवसांनी, मग अठरा दिवसांनी. पुढे पुढे तर फुली कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हेच कळेना. यंत्रावर बसल्या बसल्या आक्कांना अंधारी येई. जिना चढताना दोनदा थांबावे लागे. तपासणीत गर्भाशयात गाठी निघाल्या. या गाठी कर्करोगाच्या नव्हेत. ज्यांना डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात, त्या साध्या गाठी. पण त्यांनी रक्त इतके शोषले होते की गोळ्यांनी भागण्याची वेळ निघून गेली होती. २००८ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बंगळूरच्या एका रुग्णालयात आक्कांचे गर्भाशय काढले. ही शस्त्रक्रिया गरजेची होती, याविषयी तेव्हाही कोणाला शंका नव्हती आणि पुढेही आली नाही. अंडाशये निरोगी होती, म्हणून ती ठेवली. घरी जाताना मिळालेल्या कागदावर इंग्रजीत तशी नोंद होती. त्या कागदाची घडी आक्कांनी लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली ठेवून दिली.

सासूबाईंना या प्रकाराचा आनंदच झाला. त्यांनी तो लपवला नाही. आता थोरली सून बारमाही मोकळी झाली. नवरात्रात घट बसवायला, श्रावणात पुरण घालायला कोणाची वाट पाहायला नको. आक्कांनाही ते बरेच वाटले. जिला पंचवीस वर्षे महिन्याचे चार दिवस बाजूला बसावे लागले, तिला कायमची मोकळीक मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. खेड्यापाड्यांतून आणि शहरांतूनही पुष्कळ बायका पिशवी काढून घ्यायला एवढ्या सहज तयार का होतात, याचा शोध दवाखान्यात जितका घ्यावा तितकाच देवघराच्या उंबरठ्यावरही घ्यावा लागतो. २००९ च्या कालनिर्णयावर फुली नव्हती. दुधाचा हिशेब तेवढा राहिला.

पुढची तीन वर्षे बरी गेली. रक्त भरून आले, चेहरा उजळला. मग २०१२ च्या उन्हाळ्यानंतर काहीतरी बिनसू लागले. रात्री दोनच्या सुमारास जाग येई आणि छातीपासून कानशिलांपर्यंत एक वाफ चढत जाई. होसकोट्याची हवा तशी थंड. मार्गशीर्षात तर घोंगडी लागते. त्या थंडीत आक्का उठून मागच्या दारी जाऊन बसत आणि पदराने वारा घेत. दहा मिनिटांनी घामाने भिजलेल्या अंगावर काटा येई. सकाळी बोटांचे सांधे इतके आखडलेले असत की सुईत दोरा ओवता येऊ नये. बारीकसारीक गोष्टींवरून डोळ्यांत पाणी येई. गणवेशाचे एक माप दोनदा चुकले. नवरा-बायकोच्या नात्यातही एक कोरडेपणा आला. त्याचे कारण देहात होते, परंतु दोघांनीही ते मनात आहे असे समजून घेतले आणि गप्प राहिले.

कोणी म्हणाले थायरॉइड असेल. तपासले, नव्हते. कोणी म्हणाले मुलगी लग्न होऊन गेली म्हणून असे होते. जवळच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. पाळी जाण्याचे वय, ही साधी गोष्ट कोणाच्याही ओठांवर आली नाही; कारण पाळी तर चार वर्षांपूर्वीच गेली होती! जे एकदा गेले ते पुन्हा कसे जाणार? सासूबाई तर म्हणत, पिशवीच नाही, तर पिशवीचे दुखणे कुठून यायचे?

सासूबाईंच्या या प्रश्नात सगळ्यांचाच घोटाळा साठवलेला होता, आणि तो केवळ त्यांच्या अडाणीपणाचा नव्हता. तो भाषेतच आहे. फ्रान्समध्ये शार्ल द गार्दान नावाच्या वैद्याने १८२१ साली ‘मेनोपॉज’ हा शब्द रूढ केला, तो महिना आणि थांबणे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा जोड आहे. आपल्याकडचा रजोनिवृत्ती हा शब्दही तेच सांगतो: रज थांबले. निवृत्ती या शब्दाला मराठीत केवढी प्रतिष्ठा! ज्ञानदेवांच्या थोरल्या भावाचे ते नाव. सरकारी नोकराच्या पेन्शनलाही निवृत्तिवेतन म्हणतात. परंतु ग्रीक असो की संस्कृत, दोन्ही शब्दांनी खूण तेवढी पकडली. जिची खूण, ती गोष्ट निसटली. महिन्याचा स्राव गर्भाशयाच्या अस्तरातून येतो, हे खरे. पण ते अस्तर कधी भरायचे आणि कधी उसवायचे याचा हुकूम अंडाशयांकडून सुटत असतो. अंडाशयांतली बीजे सरत आली, त्यांच्यातून पाझरणारे ईस्ट्रोजेन आटू लागले की पाळी थांबते. आणि वाफा, घाम, सांध्यांची कुरकुर, हाडांची झीज हे सारे त्या आटण्याचे परिणाम असतात. पाळी थांबणे हा त्यांतला एक, आणि खरे पाहता सर्वांत निरुपद्रवी परिणाम. अमेरिकेतल्या जॉर्जिया संस्थानात १८७२ साली रॉबर्ट बॅटी या शल्यवैद्याने एका तरुण स्त्रीची अंडाशये पाळीच्या त्रासावरचा उपाय म्हणून काढली. पुढे कितीतरी बायकांवर ती शस्त्रक्रिया त्याच्या नावाने होत राहिली, आणि विशी-तिशीतल्या बायकांना पन्नाशीचे शरीर देत राहिली. घड्याळ कोठे आहे हे शास्त्राला अशा महागड्या रीतीने कळले.

म्हणजे गर्भाशय काढल्याने पाळी जाते, तरी रजोनिवृत्ती येत नाही. आणि अंडाशये काढली तर ती एका दिवसात येते. आक्कांच्या बाबतीत मात्र तिसराच प्रकार घडला होता.

तो उलगडायला २०१३ साल उजाडले. मुलीच्या आग्रहाने आक्का बंगळूरला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेल्या. बाई मूळच्या धारवाडकडच्या असल्याने मराठी समजत होत्या. त्यांनी आधी पेटीतला तो कागद मागवला आणि वाचला. मग रक्ताची एक तपासणी करायला लावली. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचे संप्रेरक सोडते. अंडाशये दमू लागली की त्यांना जागे करण्यासाठी ती ग्रंथी हे संप्रेरक अधिकाधिक सोडत राहते. रक्तात त्याचे प्रमाण चढले की खालच्या मंदपणाची वर्दी मिळते. आक्कांचे प्रमाण बरेच चढलेले होते. थोड्या आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही तसेच. ज्या बाईला पाळी येत असते तिच्या बाबतीत डॉक्टर सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. गर्भाशय नसलेल्या बाईला ही मोजदादच उपलब्ध नसते. तिचे घड्याळ चालू राहते, पण त्याचे काटे काढून घेतलेले असतात.

चौवेचाळीस हे वय अगदीच लवकरचे नव्हे. भारतातल्या बायकांची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. मग शस्त्रक्रियेने काही फरक पडला, की हे असेच व्हायचे होते? बाईंनी ठाम उत्तर दिले नाही, आणि तेच प्रामाणिक होते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड येथे झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात अंडाशये राखून गर्भाशय काढलेल्या बायकांची रजोनिवृत्ती इतरांपेक्षा ३.७ वर्षे आधी आलेली दिसली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी गर्भाशय काढलेल्या ४०६ आणि न काढलेल्या ४६५ बायकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत अंडाशये थकल्याचे प्रमाण पहिल्या गटात १४.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ८ टक्के होते. अंतर सुमारे दोन वर्षांचे. कारण काय असावे? अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळते. एक त्याची स्वतःची रोहिणी, आणि दुसरी गर्भाशयाच्या रोहिणीची फांदी. गर्भाशय काढताना ही फांदी बांधून तोडावी लागते. एका पाटावरचे पाणी तोडले म्हणजे मळा लगेच वाळत नाही, पण त्याचा बहर लवकर ओसरू शकतो. हा एक तर्क. दुसरा असा की ज्या आजारापायी गर्भाशय काढावे लागले, त्यातच अंडाशयांच्या लवकर दमण्याचे बीज असेल. दोन्ही तर्क अजून उभे आहेत.

आक्कांना तर्कांशी कर्तव्य नव्हते. आपल्याला जे होते आहे त्याला नाव आहे, एवढे कळल्यावर त्या बाईंच्या समोरच रडल्या. औषधाविषयी बाईंनी सांगितले ते ध्यानात ठेवण्याजोगे होते. ज्यांचे गर्भाशय शाबूत असते त्यांना नुसते ईस्ट्रोजेन देत नाहीत, कारण त्याने अस्तर अवाजवी वाढून कर्करोगाची भीती असते. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. आक्कांना तो जोड नको होता. छातीची आणि रक्तदाबाची तपासणी करून, कमी मात्रेत, ठराविक काळापुरते औषध सुरू झाले. हाडांसाठी चालणे, नाचणी आणि सकाळचे ऊन. नाचणी तर त्या मुलखाचे अन्नच. मुद्दे घरात रोज होतेच. तीन महिन्यांत झोप परतली. यजमानांनी डॉक्टरांकडून येताना बसमध्ये एवढेच म्हटले, “आधी कोणी सांगितलं असतं, तर इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावलो नसतो.” शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी हात कुशलतेने चालवला होता. चार वाक्ये मात्र त्यांनी खर्चली नव्हती.

गोष्ट येथे संपली असती. पण आक्कांची धाकटी जाऊ बीड जिल्ह्यातली, माजलगावकडची. २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांतून बीडच्या ऊसतोड मजूर बायकांची बातमी गाजत होती, ती तिने आक्कांना वाचून दाखवली. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात दिली होती. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहांतली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सबंध देशाचे प्रमाण शंभरांत सुमारे तीन होते. पिशवी काढलेल्यांत पुष्कळ जणी पंचविशी-तिशीतल्या.

जावेला यातले काही नवीन नव्हते. “आमच्याकडं तिशीत पिशवी काढतातच, आक्का,” ती म्हणाली. तिने कोयत्याचे गणित समजावून सांगितले. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेस्तोवर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडात ऊस तोडायचा. पहाटे चारला उठणे, पालाच्या झोपडीत राहणे, पाणी आणि आडोसा दोन्हीची वानवा. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. पाळीच्या दिवसांत पोट धरून बसणारी बाई त्या गणितात महाग पडते. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारी घेऊन ती दवाखान्यात जाते, आणि पुढे कॅन्सर होईल असे भय घेऊन बाहेर येते. पिशवीसाठी पुन्हा कर्ज, कर्जासाठी पुन्हा उचल. अशा तक्रारी केवळ बीडच्या नव्हत्या. कर्नाटकातच कलबुर्गी जिल्ह्यातल्या लंबाणी तांड्यांवरून त्या आल्या होत्या. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या प्रकारांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका २०१३ पासून चालू होती. तिचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये लागला, आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश राज्यांना मिळाला.

ती बातमी ऐकताना आक्कांनी आकड्यांविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले, “त्यांची अंडाशयं ठेवली का?”

जावेला ठाऊक नव्हते. वर्तमानपत्रातही ते नव्हते. जावेच्या माहेरच्या गल्लीत तिच्या पाठच्या बहिणीसारखी वाढलेली एक मुलगी आता ऊसतोडीला जात होती. वय तेहतीस. पिशवी काढून चार वर्षे झाली होती. ती फोनवर नेहमी सांगे की आता मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढवत नाही, कंबर धरते, अंगाची आग होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आणि ही सगळी पिशवीची कमजोरी आहे. त्या हंगामात, २०२० च्या जानेवारीत, जावेने तिला कारखान्यावर फोन लावला. आक्का शेजारी बसून होत्या.

अडचण पहिल्याच वाक्याला आली. पिशवीला घरगुती शब्द आहे, अंडाशयाला नाही. अंडकोश म्हणावे तर तो पुरुषाचा अवयव. फोनवरच्या मुलीला अंडाशय म्हणजे कोंबडीचे काहीतरी असेल असे वाटले आणि ती हसली. मग आक्कांनी सुचवले तसे जावेने सांगितले, “पिशवीच्या दोन्ही अंगाला दोन बदाम असत्यात बघ. ते ठिवल्यात का काढल्यात, ते तुझ्या कागदावर लिहिलेलं असंल.”

“कागद गावाकडं हाय, पोरांच्या दाखल्याच्या पिशवीत,” ती म्हणाली. “पाडव्याला गेल्यावर बघते.”

आक्कांनी कालनिर्णयाची पाने उलटली आणि मार्चच्या पंचवीस तारखेवर, पाडव्याच्या चौकोनात, पेन्सिलीने एक बारीक फुली केली.

त्याच पंचवीस मार्चला देश बंद झाला. ऊसतोडीची माणसे कारखान्यांच्या आवारात आणि रस्त्यांच्या कडेला अडकून पडली. गावी परतण्याची परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उलटला. मेच्या अखेरीस त्या मुलीच्या थोरल्या मुलाने कागदाचे छायाचित्र काढून पाठवले. कागदाच्या घड्या विरल्या होत्या आणि अक्षर इंग्रजी होते. आक्कांच्या मुलीने ते मोठे करून वाचले. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढल्याची नोंद होती. शस्त्रक्रियेच्या वेळी तिचे वय एकोणतीस होते.

जावेने फोन लावला. ही पिशवीची कमजोरी नाही, ती सांगत राहिली. तुझं पाळी जाण्याचं वय वीस वर्षं आधी आणलंय, हाडं आणि काळीज दोन्ही जपायला हवीत, त्यावर औषध असतं, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात जाऊन हा कागद दाखव, आणि पिशवी काढलीय एवढंच सांगू नको, बदामही काढलेत हे सांग. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती मुलगी म्हणाली, “ताई, उचल घ्यायच्या आधी जाऊ का मागनं? आधी गेले आन् मुकादमाला कळलं, तर तो कोयता धरायचा नाही.”